जव्हारला जायचं ठरत होतं तेव्हा

जव्हारला जायचं खूळ माझ्याच डोक्यातून निघालं होतं, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायची सोय नाही. लग्न होऊन साताऱ्याकडून बोईसरला आले तेव्हापासून ऐकत होते, की इथलं थंड हवेचं ठिकाण म्हणजे जव्हार. राजवाडा आहे, हनुमान पॉइंट आहे, संध्याकाळी दरीतून वारा येतो. सात वर्षं नुसतं ऐकलं. एम.आय.डी.सी.च्या नाल्यातून आज निळं, उद्या लाल पाणी जाताना बघायचं आणि नाकाला पदर लावायचा, एवढंच आमचं निसर्गदर्शन. म्हणून एका शुक्रवारी चहाच्या वेळी मी म्हणाले, "एकदा जव्हारला नेऊन आणा, एस.टी.ने." एस.टी.ने, हे मी स्पष्ट म्हटलं होतं. ते नंतर सगळे सोयीस्कर विसरले.

शुक्रवार अशासाठी, की आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. शाळांची मात्र रविवारी. त्यामुळे शुक्रवारी मुलगी शाळेत, आम्ही दोघं घरात आणि तिसरे हमखास येणारे उमरोळीचे भाऊजी. आमचे हे रंगाच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलरवर प्रत्येक पाळीला दोन माणसं लागत, आणि यांच्या जोडीला कायम हे भाऊजी असत. उमरोळीला त्यांची भातशेती होती. काळेसावळे, हळू बोलणारे, चहा बशीत ओतून गार होईपर्यंत बघत बसणारे. पाळ्या बदलल्या तरी ही जोडी बदलली नाही. मला वाटायचं, दोघांचं जमतं म्हणून साहेब ठेवत असेल एकत्र.

भाऊजींनी त्या वर्षी गिअरची सायकल घेतली होती. जाड टायर, आडवा दांडा, हँडलवर दोन खटके. अशा सायकली तेव्हा नव्यानेच दिसू लागल्या होत्या आणि लोक त्यांना डोंगरावरची सायकल म्हणत. जव्हारचं नाव निघाल्यावर भाऊजी बशीतल्या चहाकडे बघत म्हणाले, "एस.टी.नं काय जायचं? आपण सायकलनं जाऊ. घाटातनं."

हे ताडकन उठून बसले. पंधरा दिवसांत यांनीही तसलीच एक सायकल आणली, वसाहतीतल्या बदली झालेल्या एका इंजिनिअरची. लाल रंगाची. ती गॅलरीत उभी राहिली आणि पुढचे दोन महिने मला तिची भीती बसली.

का बसली, ते सांगायचं तर आधी आमच्या चाळीतला एक कायदा सांगावा लागेल. थर्ड शिफ्ट करून आलेला माणूस सकाळी झोपला, की बायकोने दाराच्या कडीला रुमाल बांधायचा. रुमाल दिसला की भाजीवाली हाक मारत नसे, शेजारीण मिक्सर लावत नसे, पोस्टमन पत्र फटीतून सरकवून जाई. हा कायदा कुणी लिहिला नव्हता, पण मोडलेला मी कधी पाहिला नाही. आणि त्याचंच दुसरं कलम असं, की थर्डवाल्या माणसाला सगळं माफ. त्याने आमटीत साखर घालावी, दोन पायांत दोन चपला घालून बाजारात जावं, बोलता बोलता मध्येच गप्प व्हावं. सगळे एकच म्हणत, थर्डची झोप. इथला डॉक्टरसुद्धा तेच म्हणायचा.

तर एकदा जेवताना यांचा हात थांबला. घास ताट आणि तोंड यांच्या मध्ये, डोळे उघडे, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मी विचारलं, "मीठ कमी आहे का?" उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं. बोटांतून भाताची शितं ताटात पडत होती. मग घास तोंडात गेला, यांनी तो चावला आणि मघाचंच वाक्य पुढे सुरू केलं, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. मी म्हणाले, "झोप पुरी करा जरा." हे म्हणाले, "करतो." झालं.

दुसऱ्यांदा दाढी करताना झालं. तिसऱ्यांदा मुलीला पाढे म्हणून दाखवताना. मला कुकरच्या शिट्ट्या मोजायची सवय, तशी मी हेही मोजायला लागले. एक, दोन, तीन, मनातल्या मनात. कधी अठरा यायचे, कधी बावीस. सव्वीसच्या वर कधी गेलं नाही. सव्वीस हा काही फार मोठा आकडा नाही. पण नवरा समोर बसलाय आणि तिथे नाहीये, अशा वेळी सव्वीसपर्यंत मोजून बघा.

थर्डची झोप, थर्डची झोप, असं मी स्वतःला वर्षभर सांगितलं. मग दिवाळीला गावी गेलो. तिथे हे दहा दिवस उन्हं अंगावर येईपर्यंत झोपत होते, दुपारी जेवून पुन्हा झोपत होते. आणि भाऊबिजेला ओवाळताना, ताम्हन यांच्या तोंडासमोर असताना, यांची नजर गेली. नणंद लाजून हसली. तिला वाटलं भाऊ भावुक झाला. मी चोवीसपर्यंत मोजलं आणि त्या दिवशी माझ्याजवळचं निमित्त संपलं. ही झोप नव्हती.

मी यांना सांगितलं नाही. आता लिहितानाही हे वाक्य पुढे ढकलावं असं वाटतं, पण ते इथेच आलं पाहिजे. यांना स्वतःला त्यातलं काही कळत नसे. फार तर पापणी लवल्यासारखं वाटत असेल. आणि मी सांगितलं असतं, तर हे दुसऱ्या दिवशी सरळ साहेबासमोर जाऊन उभे राहिले असते, इतका सरळ माणूस. दुकानदाराने चुकून एक साबण जास्त दिला तर भर उन्हात परत द्यायला जाणारा. मग बॉयलर गेला असता, बॉयलर गेल्यावर कंपनीची खोली गेली असती आणि मी परत गावी, सासूच्या स्वयंपाकघरात, तीन जावांच्या रांगेत. इथे माझी स्वतःची दीड खोली होती, स्वतःचा नळ होता, मला हव्या त्या वेळी मी चहा करत होते. मला बोईसर सोडायचं नव्हतं. नाल्याला नावं ठेवत का होईना, मला इथेच राहायचं होतं.

बॉयलरचं काय, असं कुणी विचारेल. मी स्वतःला रोज विचारत होते. बॉयलरवर दोन माणसं असतात, असं माझं पाठ केलेलं उत्तर होतं. कारखाना चाळीपासून हाकेच्या अंतरावर, हे पायीच जात, भाऊजी सोबत असतात, काही झालं तर ते बघतील. भाऊजींना यातलं काही माहीत नाही, हे त्या उत्तरात बसत नव्हतं, म्हणून मी ते उत्तर कधी शेवटपर्यंत म्हणत नसे.

पण सायकलला दोन माणसं नसतात. घाटात हँडल ज्याचं त्यालाच धरावं लागतं.

तयारी सुरू झाली ती कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवतात त्या शटडाऊनच्या तयारीसारखी. भाऊजी बॉयलरच्या रद्द झालेल्या लॉगशीट, म्हणजे नोंदीचे कागद, आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर हे रकाने आखायचे. काम, कोणी करायचं, झालं का. पंक्चरचं सामान, जादा ट्यूब, ब्रेकचे रबर, पाण्याच्या बाटल्या, धनाजिऱ्याची पूड घातलेल्या पुऱ्या. पुऱ्यांसमोर माझं नाव. रस्ता ठरला: बोईसरहून उमरोळी, पालघर, वाघोबाची खिंड, मनोर, मग विक्रमगड आणि पुढे जव्हारचा घाट. मी आणि मुलगी एस.टी.ने आधी पोचायचं आणि वर यांची वाट बघायची. वाट बघायची, हे शब्द यांनी रकान्यात व्यवस्थित लिहिले होते.

मी मोडता घालायला सुरुवात केली. आधी पंप लपवला, तांदळाच्या डब्यामागे. यांनी शेजाऱ्याचा आणला. मग एका दुपारी हे कारखान्यात असताना मी साडीची पिन काढली आणि लाल सायकलच्या मागच्या टायरमध्ये खुपसली. जाड टायर तो, पिन वाकली. दुसरी घेतली, ती गेली. घरात कुणी नसताना सायकलसमोर उकिडवी बसून हे करताना एक पिन माझ्याच अंगठ्यात घुसली. संध्याकाळी हे आले, टायर बघितला आणि खूश झाले. म्हणाले, "बरं झालं, सराव होईल." अर्ध्या तासात पंक्चर काढलं, रकान्यात खूण केली. मी अंगठ्याला हळद लावून भाकरी थापत होते.

सरावाला दोघं एका शुक्रवारी मुरब्याला गेले. सपाट रस्ता, दोन्हीकडे मिठागरं आणि खाडी, भिण्यासारखं काही नाही, असं मला दोघांनी सांगितलं. मी दारात बसून राहिले. तांदूळ निवडायला घेतले होते, ते तीनदा निवडले. रस्त्यावर ट्रक जोरात गेला की माझा हात सुपात तसाच राहायचा. परत आले तेव्हा यांच्या कॅरिअरला सुक्या बोंबलांची जुडी बांधलेली होती आणि हे चिडलेले होते.

"काय माणूस आहे," हे म्हणाले. "गिअरची सायकल घेतलीये आणि पूर्ण रस्ता माझ्या मागे. पुढे यायला सांगितलं तर येत नाही. बैलगाडी झाली असती."

भाऊजी घाम पुसत म्हणाले, "मला मागंच बरं वाटतं."

आणखी एक गोष्ट होती. भाऊजींनी सुरुवातीलाच नियम घातला होता, की जिथे जिथे उतार आहे तिथे सायकल हातात धरून चालायचं. हे हसले होते. डोंगरावरची सायकल घेऊन उतारावर चालायचं, मग घ्यायची कशाला? भाऊजींनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हटलं. दर शुक्रवारी त्यांचं काहीतरी नवीन निघायचं. ब्रेकचे रबर बरोबर नाहीत. भातकापणी होऊ दे. वाघोबाला नारळ दिल्याशिवाय खिंडीतनं सायकल काढायची नाय, आमच्यात तसं करत नाय. मी मनात म्हणत होते, हा इथला माणूस, याच रस्त्यांवर लहानाचा मोठा झाला, आणि हा माझ्याहून भित्रा. पण मला तो भित्रेपणा देवासारखा धावून आल्यासारखा वाटे. भाऊजी काही अडचण काढायला लागले की मी त्यांच्या बशीत जास्तीचा चहा ओतायची.

शेवटी यांनी ठरवलं, की रस्ता एकदा डोळ्यांनी बघून यायचा. एका शुक्रवारी मुलीला शाळेत सोडून आम्ही दोघं पालघरला गेलो आणि तिथून मनोरची एस.टी. धरली. हे वही घेऊन खिडकीशी बसले, मी शेजारी. खिंडीच्या चढाला गाडी कण्हत होती. झाडं दाट होत गेली, कोळगावकडचा सपाट मुलूख मागे राहिला. वर वाघोबाच्या देवळाशी ड्रायव्हरने गाडी हळू केली, कंडक्टरने तिकिटाच्या पेटीवरचा हात उचलून कपाळाला लावला, मागच्या बाकावरच्या वारली बायकांनी हात जोडले. मीही जोडले. हा देव माझा नव्हता, त्याला काय चालतं, काय चालत नाही, मला ठाऊक नव्हतं. मी सरळ सांगितलं, की सायकली चोरीला जाऊ देत. दोन्ही.

मग उतार लागला आणि मी मोजायला लागले. मोजायचं असं ठरवलं नव्हतं. गाडी एका वळणावरून सुटली, दुसऱ्या वळणाला ड्रायव्हरने स्टिअरिंग फिरवलं, तोवर माझे अकरा झाले होते. पुढचं वळण, नऊ. त्याच्या पुढचं, तेरा. मी पुन्हा पुन्हा मोजलं. सव्वीसपर्यंत एकही वळण पोचत नव्हतं. सव्वीस म्हणजे दोन वळणं. पहिल्या वळणाला हँडल वळलं नाही, तर दुसऱ्याचा प्रश्नच येत नव्हता. खाली झाडांचे शेंडे दिसत होते. शेजारी हे वहीत लिहीत होते: उतार मध्यम, रस्ता चांगला.

"तुझा हात एवढा गार का पडलाय?" यांनी विचारलं.

"गाडी लागली मला," मी म्हणाले.

यांनी खिडकीची जागा मला दिली. मनोरच्या स्टँडवर लिंबू सरबत पाजलं, वहीने वारा घालू का म्हणून विचारलं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. स्टँडवर माणसं होती, गोंगाट होता, कुणाचं लक्ष नव्हतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि मग म्हणाले, "परत जाताना पुढची सीट मिळेल का बघा." अशी मी.

त्यानंतरच्या शुक्रवारी सगळं पक्कं झालं. पुढच्या शुक्रवारी निघायचं. दुपारी ऊन गॅलरीतून आत आलं होतं, लाल सायकलच्या चाकाची सावली फरशीवर पडली होती. हे दोघं खाली सतरंजीवर, मध्ये लॉगशीट उलटी पसरलेली, तिच्यावर यांनी काढलेला रस्ता. मी बाजूला चहा गाळत होते. हे पेन्सिलीने एकेक जागा दाखवत होते.

"मनोरला नाश्ता. विक्रमगडला पाणी भरायचं. इथून चढ, हा चढ चालत चढायचा नाही हां, पायडल मारायचं. मग हे वळण. इथे उतार सुरू होतो, इथे दोन्ही..."

पेन्सिल थांबली.

मी गाळणं हातात धरून तशीच उभी राहिले. एक. दोन. तीन. पातेल्यातून चहा गाळण्यावर पडतच राहिला. यांचं डोकं किंचित वाकलेलं, डोळे कागदावर, श्वास चालू. आठ. नऊ. अकराला मला ते वळण दिसलं. मी भाऊजींकडे बघितलं, त्यांना काही कळू नये, त्यांना काहीतरी बोलण्यात गुंतवावं म्हणून. भाऊजी यांच्याकडे बघत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. करंगळीची तीन पेरं, मग तिच्या शेजारच्या बोटाची तीन, मग मधल्या. आमच्याकडे जप करताना सरकवतात तसा, एका लयीत. सतरा, अठरा. त्यांनी मान वर केली आणि माझे हलणारे ओठ बघितले.

आम्ही दोघंही थांबलो नाही. एकमेकांकडे बघत मोजत राहिलो.

"...ब्रेक एकदम दाबायचे," हे म्हणाले. "पुढचा एकटा दाबला तर तोंडावर आपटशील."

चहा कपाबाहेर जाऊन ओट्यावर पसरला होता. मग भाऊजींनी अगदी हळू विचारलं, "वहिनी, तुमचे किती आले?"

"सव्वीस."

"माझे अठ्ठावीस. मी जरा पटापटा मोजतो."

"काय मोजताय?" यांनी विचारलं. हसतच विचारलं, त्यांना वाटलं आमची काही चेष्टा चाललीय. "काय अठ्ठावीस?"

मी गाळणं खाली ठेवलं आणि सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. दोन वर्षं जे तोंडात धरून ठेवलं होतं ते चार वाक्यांत संपलं. सांगताना माझा आवाज शेजाऱ्याला काही सांगावं तसा साधा येत होता, त्याची मला लाज वाटत होती.

यांना पटेना. "आत्ता?" हे म्हणाले. "आत्ता झालं? मी तर बोलतोय सारखा." मग यांनी कागदाकडे बघितलं. जिथे उतार सुरू होत होता तिथे पेन्सिल दाबून राहिल्याने कागदाला भोक पडलं होतं. हे त्या भोकावरून बोट फिरवत राहिले. मग भाऊजींकडे वळले.

"बॉयलरवर पण होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील," भाऊजी म्हणाले. "मी पाण्याच्या पातळीच्या काचेवर नजर ठेवतो ना. तू थांबलास की मी तुझ्याकडं येतो. साहेबाला सांगून आपली जोडी मीच धरून ठेवली हाय."

"आणि मला बोलला नाहीस?"

"मला वाटायचं तुला ठाऊक हाय आणि तू लपवतोयस. मग मी कसं बोलू? नोकरी तुझी, पोरगी लहान." भाऊजी कागदाकडे बघत बोलत होते. "मी म्हटलं, घाटाचं नाव काढावं. घाट म्हटल्यावर तू आपणहून घाबरशील, म्हणशील, मला नाय जमायचं. मग मला विचारता आलं असतं. दर शुक्रवारी मी तेवढ्यासाठी येत होतो. आणि तू तर दर शुक्रवारी जास्तच हुरूप धरायला लागलास. आता थांबवू कसा, ते मला सुचेना."

तर असे आम्ही. एक जण मागे राहून, एक जण पिना टोचून, दोघंही जिवाच्या भीतीने, एकाच माणसाला घाटापासून लांब ठेवायला धडपडत होतो. आणि ज्याचा जीव, तो एकटाच निर्धास्त होता, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हा दोघांत एक शब्द कुणी बोललं असतं तरी पुरलं असतं.

हे बराच वेळ गप्प होते. या वेळी खरोखरचे गप्प. मी मोजलं नाही. मग माझ्याकडे बघून, न रागावता, अगदी साधं, बाजारातून काय आणू असं विचारावं तसं यांनी विचारलं, "आणि तू मला जाऊ देणार होतीस?"

नसतं जाऊ दिलं, असं आजही म्हणावंसं वाटतं. शेवटच्या दिवशी रस्त्यात आडवी पडले असते, असंही वाटतं. पण पुऱ्यांचं पीठ मी आणून ठेवलं होतं, हेही खरं आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. बॉयलर सुटला. यांना स्टोअरला बसवलं, खोली राहिली. ज्या भीतीपोटी मी दोन वर्षं गप्प बसले ती गोष्ट झालीच नाही. मुंबईच्या डॉक्टरने तारा लावून डोकं तपासलं, गोळ्या दिल्या, हळूहळू ते कमी झालं. लाल सायकल भाऊजी उमरोळीला घेऊन गेले. जव्हारला आम्ही पुष्कळ वर्षांनी गेलो, एस.टी.ने. हनुमान पॉइंटला खरंच वारा होता.

पण मला जव्हारपेक्षा जास्त आठवते ती त्या शुक्रवारनंतरची शनिवारची सकाळ. यांची फर्स्ट शिफ्ट होती. हे आंघोळ करून, कपडे घालून, डबा हातात घेऊन दारात उभे राहिले आणि तिथेच थांबले. मी घाबरून मोजायला लागणार, तेवढ्यात हे माझ्याकडे वळले. यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. माझ्या आरशात मात्र ते दोन वर्षं रोज दिसत होतं.

"आज जाऊन सांगणार आहे साहेबाला," हे म्हणाले. "पण चालताना झालं तर? रस्त्यावर ट्रक असतात."

मी मुलीला शेजारी ठेवलं, चपला घातल्या आणि यांचा दंड धरला. सात वर्षांत रस्त्यावर मी यांना हात लावला नव्हता, आमच्यात तशी पद्धत नव्हती. पाळीला निघालेल्या माणसांचा लोंढा चालला होता, कुणी मराठी बोलत, कुणी हिंदी, सगळे आमच्याकडे वळून बघत होते. चाळीतल्या एकाने विचारलं, "क्या हुआ, तबियत ठीक नहीं?" यांनी नुसती मान हलवली. दंड माझ्या हाताखाली ताठ होता. यांना भीती वाटत होती, आणि ती माझ्याकडून यांच्याकडे गेली होती म्हणून माझी काही कमी झाली नव्हती.

कारखान्याच्या गेटपर्यंत यांनी मला दोनदा विचारलं, "आत्ता झालं का?"

पहिल्यांदा मी नाही म्हणाले. दुसऱ्यांदा हो म्हणाले, आणि आकडा सांगितला.